वाचक विचारतात : नोकरी जपानात, लगन दारव्ह्यात

मागच्या अंकात आपल्या भागातली पोरंपोरी जपानच्या शाळांत इंग्रजीचे असिस्टंट टीचर म्हणून कशी लागतात त्याबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत पगाराबद्दल, थंडीबद्दल कोणी फारसं विचारलंच नाही, बहुतेकांचा प्रश्न एकच, शाळा चालू असताना पगारी रजा टाकून गावाकडे येता येते का? तर यावेळचा कॉलम त्याच्यावरच.

प्रश्न : नमस्कार भाऊ. माही पोरगी जपानले शाळेत इंग्रजी शिकवते. मेन मास्तर जपानीच रायते अन् हे त्याच्यासंग वर्गावर उभी रायते. नोकरी तिथल्या शिक्षण मंडळाची हाये, कंपनीची नाई, दुसरं वर्ष चालू हाये. आता तिच्या मोठ्या भावाचं लगन जमलं, तुळशीची लगनं झाली का नोव्हेंबरच्या शेवटी मुहूर्त हाये. पोरगी म्हणते रजा हाये माह्याजवळ, पण शाळा चालू असतानी घेतली तं वाईट दिसते, तिथल्या एका बाईनं तिले म्हटलं का सुट्टी लागली का जा ना. तिचे बाबा म्हणतात मुहूर्तच पुढं ढकला, डिसेंबरात तिले सुट्टी रायते. मले सांगा, बहीण नसली तं करवली कोण होईन? रजा भेटन का नाई, अन् किती दिवसाची टाकावी? – एक आई, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : काकू, आधी काकांचं पाहू कारण ते सोपं आहे. जपानच्या शाळांना डिसेंबरची सुट्टी लागते साधारण नाताळाच्या सुमारास आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात संपते, आणि आपल्याकडे डिसेंबरच्या मध्यात धनुर्मास लागतो तो थेट संक्रांतीपर्यंत. म्हणजे पोरगी रिकामी तेव्हा गुरुजी हात वर करणार. गौण मुहूर्त काढून देणारे गुरुजी असतात, पण व्याही मंडळी मानतील का ते तुम्हीच पहा. बाकीच्या सुट्ट्यांचंही तसंच, तिकडची उन्हाळी सुट्टी जुलैच्या शेवटापासून ऑगस्टभर (होक्काइडोसारख्या थंड भागात ती लहान असते आणि हिवाळ्याची मोठी), आणि तेव्हा इकडे चातुर्मास, डवरणी-निंदणीची कामं, लग्न कोण काढतंय. उरली मार्च-एप्रिलमधली लहानशी वसंत सुट्टी, ती अशा वेळी येते की ३१ मार्चला त्यांचं शाळेचं वर्ष संपतं आणि १ एप्रिलला नवीन सुरू होतं, बदल्या, नवीन टेबल, नवीन हेडमास्तर, त्या गडबडीत स्टाफरूममधून कोणाचा पाय निघत नाही. आणि आपली खरी लग्नसराई कधी, तर सोयाबीन विकून कापसाचे वेचे सुरू झाले की नोव्हेंबर-डिसेंबरात, नाहीतर मग एप्रिल-मेच्या उन्हात. दोन्ही वेळेला तिकडे शाळा जोरात चालू. तेव्हा विदर्भातली पोरगी तिकडे नोकरीला लागली आणि तिला घरच्या लग्नात उभं राहायचं असेल तर शाळा चालू असतानाच रजा टाकावी लागणार, यात कामचुकारपणा काही नाही, कॅलेंडरच तसं आहे.

आता हक्काचं. आपल्याकडे मास्तर लोकांना रजा म्हटलं की साहेबांची मेहरबानी आठवते आणि ते काही उगाच नाही, महाराष्ट्र नागरी सेवेच्या १९८१ च्या रजा नियमांत लिहूनच ठेवलंय की रजा हक्क म्हणून मागता येणार नाही. त्यामुळे तुमच्या घरात नाहीतर शेजारी कोणी झेडपीत मास्तर असतील तर ते तुम्हाला सांगतील की बाप्पा, साहेब नाही म्हटले की झालं. जपानात पगारी रजेचं गणित उलटं आहे. तिथला कामगार मानक कायदा १९४७ चा, त्याचं ३९ वं कलम सांगतं की सलग सहा महिने नोकरी झाली आणि त्यात ८० टक्के हजेरी असली की १० दिवसांची पगारी रजा आपोआप तयार होते. दीड वर्षाला ११, अडीच वर्षाला १२, मग १४, १६, १८ असं चढत साडेसहा वर्षांना २० दिवस, पुढे दरवर्षी तेवढेच. हा कमीत कमीचा आकडा आहे, शिक्षण मंडळांच्या करारात बऱ्याचदा याच्यापेक्षा जास्त असते आणि कुठे कुठे पहिल्या दिवसापासून, म्हणून तिला तिचा करार उघडून पाहायला सांगा. परदेशी माणूस म्हणून यात काही कमी होत नाही, त्याच कायद्यात नागरिकत्वावरून भेदभाव करू नये असं कलम आहे.

आणि मुख्य म्हणजे कारण विचारून मंजुरी द्यायची-नाकारायची पॉवर मालकाकडे नाही. १९७३ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने हे पक्कं करून टाकलं, रजा कायद्यानेच तयार होते, ती घेऊन माणूस काय करतो हे त्याचं तो पाहील. मालकाच्या हातात एकच गोष्ट आहे, त्या दिवशी रजा दिल्याने कामकाज खरंच बिघडत असेल तर तारीख बदलून दुसरी द्यायची. तारीख बदलायची, रजा खायची नाही. आणि 'आमच्याकडे माणसं कमी आहेत' एवढं बारमाही रडगाणं त्याला पुरत नाही, बदली व्यवस्था करायचा प्रयत्न तरी दिसावा लागतो. आता तुमची पोरगी आहे असिस्टंट, तुम्ही स्वतःच लिहिलंय की मेन मास्तर जपानी असतो. म्हणजे तिच्याविना तो तास होऊ शकतो, थोडा फिका होईल, पोरं 'टीचर कुठे गेल्या' म्हणून विचारतील, पण शाळा बंद पडत नाही. तेव्हा भावाच्या लग्नासाठी चार-पाच दिवस तिने कळवले तर तारीख बदलायला सबळ कारण शोधणं मंडळाला जड जाईल असं मला वाटतं.

त्या बाईंबद्दल. मी तिकडच्या स्टाफरूममध्ये बसलेला माणूस आहे म्हणून सांगतो, त्या बाई काही नियम सांगत नव्हत्या, त्या स्वतःची सवय सांगत होत्या. तिथले मास्तर स्वतःच शाळा चालू असताना रजा घेत नाहीत, उन्हाळ्यात साठवून घेतात, रात्री आठ-आठ वाजेपर्यंत बसतात, आणि एकाने घेतली की त्याचं काम दुसऱ्याच्या डोक्यावर येतं हे सगळ्यांना माहीत असतं. जपानात लोक रजा घेतच नाहीत म्हणून सरकारला शेवटी एप्रिल २०१९ पासून कायदाच करावा लागला की ज्यांना १० किंवा जास्त दिवस मिळतात त्यांनी वर्षाला निदान ५ तरी घेतलेच पाहिजेत आणि ते मालकाने पाहायचं, नाही पाहिलं तर माणसामागे ३ लाख येनपर्यंत दंड. हा ५ दिवसांचा नियम सरकारी नोकरांना मात्र लागू नाही आणि तुमची पोरगी मंडळाची म्हणजे गावच्या नगरपालिकेची नोकर धरली जाते, एप्रिल २०२० पासून अशा बहुतेक लोकांना वर्षा-वर्षाच्या नेमणुकीचे कर्मचारी म्हणून घेतात. पण त्यावरून माहोल काय आहे ते कळतं. माझं मत विचाराल तर बाईंशी वाद घालू नये आणि त्यांचं ऐकूही नये.

किती दिवस टाकावी. इथे मी थोडा हात आखडता घ्यायला सांगेन. पोरीला वाटेल आलोच आहे तर महिनाभर राहतो, सोबत अंबाबाईला जाऊ, मावशीकडे जाऊ, नव्या वहिनीचं पहिलं सगळं पाहू. १९९२ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टात एका पत्रकाराची केस गाजली, त्याने सलग महिन्याभराची रजा टाकली, ऑफिसने म्हटलं अर्धी आता घे अर्धी नंतर, आणि कोर्टाने ऑफिसचं बरोबर धरलं, कारण लांबलचक रजा टाकायची तर आधी बसून बोलून तारखा जुळवायला पाहिजेत, एकतर्फी चालत नाही. म्हणून तिला सोमवार ते शुक्रवार पाच दिवस टाकायला सांगा, दोन्हीकडचे शनिवार-रविवार धरून नऊ दिवस होतात. २३ नोव्हेंबरला तिकडे राष्ट्रीय सुट्टी असते आणि ती रविवारी आली तर सोमवारी मिळते, मुहूर्त त्या आठवड्यात बसत असेल तर एक दिवस फुकटचा. नागपूरहून जपानला सरळ विमान नाही, दिल्ली किंवा मुंबईला बदलावं लागतं, मग नागपूरहून दारव्ह्याला रस्त्याने, म्हणजे जाण्यायेण्यात दोन ते तीन दिवस धराच. उरलेल्यात मांडव, हळद, लग्न, आणि एक दिवस झोप. सगळी रजा एका लग्नात संपवू नये हेही तिला सांगा, पुढे आजीचं दुखणंखुपणं काय सांगून येतं का. स्वतःच्या लग्नाची, घरच्या मौतीची वेगळी रजा बऱ्याच करारांत असते, ती कायद्याने सक्तीची नाही, करारात असली तर आहे, भावाच्या लग्नाची मात्र सहसा नसते.

कळवायचं कसं, तर तारीख पक्की झाली की लगेच, पत्रिका छापायची वाट पाहू नका. शाळेचा वर्षाचा कार्यक्रम एप्रिलमध्येच प्रत्येकाच्या टेबलावर येतो, तो पाहायचा. त्या आठवड्यात गॅदरिंग नाहीतर बाहेरचे शिक्षक वर्ग पाहायला येतात तसला तास असेल तर ते दिवस टाळता आले तर टाळायचे, आणि ज्युनिअर हायस्कूलला असेल आणि परीक्षा असतील तर सोन्याहून पिवळं, परीक्षेच्या दिवसांत असिस्टंटला फार काही काम नसतं. आधी ज्याच्यासोबत तास घेते त्या मास्तरशी बोलायचं, मग उपमुख्याध्यापकांशी, तिकडे हजेरी-रजेचा सगळा कारभार त्यांच्याच टेबलावरून चालतो, मग मंडळातला तिचा जो साहेब असेल त्याला, आणि रजेचा फॉर्म भरायचा. बोलताना 'घेऊ का' असं विचारलं की समोरचा 'जरा अवघड आहे' म्हणणारच, तिथे नाही म्हणायची तीच पद्धत आहे. त्यापेक्षा भावाचं लग्न आहे, या-या तारखांना मी रजेवर राहीन, त्या दिवसांचे खेळ आणि वर्कशीट तयार करून ठेवते, असं सरळ सांगावं. कारण सांगायची सक्ती नाही, पण लग्न हे कारण लपवायचं काही कारणही नाही, उलट परत गेल्यावर पोरांना करवलीचे फोटो दाखवले की दोन तास त्यातच जातात. उपमुख्याध्यापकांनी तरीसुद्धा आढेवेढे घेतले तर एकच विचारायचं, मग कोणती तारीख देता? बहुतेक वेळा गोष्ट तिथेच संपते.

करवलीचं लुगडं घेऊन ठेवा.

प्रश्न : सर, मी आमगाव तालुक्यातला, जपानात एका कंपनीमार्फत तीन शाळांवर असिस्टंट टीचर आहे, एक एप्रिलला जॉईन झालो. दिवाळीनंतर गावाकडे मंडईची जत्रा असते, दंडारीचं लोकनाट्य असतं, घरून रोज फोन की येतोस का. कंपनी म्हणते तुझे आठवड्याचे साडेएकोणतीस तास, तीसच्या आत, म्हणून तुला रजा कमी. वरून जी आहे त्यातली काही रजा त्यांनी आधीच शाळेच्या सुट्टीत टाकून ठेवली. आणि शाळेच्या मॅडमला विचारलं तर त्या म्हणतात आम्हाला काही माहीत नाही. नेमकं विचारायचं कोणाला? – एक वाचक, जि. गोंदिया

उत्तर : शाळेच्या मॅडम बरोबर बोलल्या, तू त्यांचा नोकर नाहीस. रजा कंपनीला कळवायची, बदली माणूस द्यायचा की तास तसेच होऊ द्यायचे ते कंपनीने शाळेशी बोलावं, त्यात तू मध्ये पडू नको.

साडेएकोणतीस तासांचं. कंपनी अर्धाच नियम सांगून राहिली. रजा कमी होते ती तास तीसच्या आत असले *आणि* आठवड्याचे दिवस चार किंवा कमी असले तर. दोन्ही लागतात. तुझ्या करारात आठवड्याचे पाच दिवस लिहिले असतील तर तुला पूर्ण १० दिवस, तास साडेएकोणतीस असो की एकोणतीस. हा आकडा तिकडच्या कंपन्यांना का आवडतो ते मी इथे लिहीत नाही, पण त्याचा रजेशी संबंध नाही.

तू १ एप्रिलला लागलास म्हणजे तुझी रजा १ ऑक्टोबरला तयार होते, दिवाळी त्यानंतर येते, मंडई त्याच्याही नंतर, तेव्हा तुझं जमतं. पहिल्या सहा महिन्यांत यायचं म्हटलं असतं तर करारात वेगळं काही नसेल तोवर बिनपगारी यावं लागलं असतं, हे नवीन जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, एप्रिलला जाऊन मे महिन्यातल्या मामेबहिणीच्या लग्नाचा शब्द देऊन बसू नका.

आता कंपनीने आधीच टाकून ठेवलेल्या रजेचं. असं करता येतं, पण त्याला कामगारांच्या प्रतिनिधीसोबत लेखी करार लागतो, आणि कसंही केलं तरी ५ दिवस माणसाच्या स्वतःच्या मर्जीचे शिल्लक ठेवावेच लागतात. म्हणजे १० पैकी जास्तीत जास्त ५ कंपनीचे. तो लेखी करार दाखवा म्हणून मेलवर विचार, तोंडी नको. आणि अजून एक पहा, शाळेच्या सुट्टीत तुला कामावर जायचंच नाही असं तुझ्या करारात असेल, पगारही त्या महिन्यात कमी येत असेल, तर त्या दिवशी पगारी रजा खर्च होऊच शकत नाही, ज्या दिवशी काम आहे त्याच दिवसाची रजा असते. बऱ्याच पोरांची रजा नेमकी इथेच गुपचूप कापली जाते आणि त्यांना वर्षाच्या शेवटी कळतं. पगाराची स्लिप नीट वाचत जा रे बाबा.

हे सगळं सांगून कंपनीने ऐकलं नाही तर तिथे प्रत्येक भागात कामगार मानक तपासणी कार्यालय असतं, तक्रार तिथे घेतात, फी नाही, सरकारची इंग्रजीत बोलणारी टेलिफोन सेवाही आहे. तक्रार केली म्हणून नोकरीवरून काढणं बेकायदा आहे. पुढच्या वर्षीचं कंत्राट देणं-न देणं मात्र नाजूक गोष्ट, कंपनी तिथे खेळ करू शकते, म्हणून आधी कागद जमव, मेल जमव, मग पाऊल टाक. मंडईसाठी नोकरीवर वेळ आणू नको, पण हक्काचे पाच दिवस सोडूही नको.

प्रश्न : मुलगा तापाने दोन दिवस घरी होता, ते दोन दिवस त्याच्या पगारी रजेतून गेले. असं करतात का? – एक वडील, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : करतात, आणि बहुतेक वेळा माणूसच तसं सांगतो कारण पगार कापला जाण्यापेक्षा ते बरं वाटतं. आजारपणाची पगारी रजा तिथे कायद्याने सक्तीची नाही. शिक्षण मंडळाच्या करारांत ती बऱ्याचदा वेगळी असते, डॉक्टरचा कागद मागतात, कंपन्यांच्या करारात सहसा नसते. मुलाला सांगा की वेगळी आजारी रजा करारात असेल तर तीच लिहायची, न विचारता दुसऱ्या खात्यातून कापली असेल तर दुरुस्त करून घ्यायची. आणि सगळीच्या सगळी रजा गावाकडे यायला राखून ठेवू नये, दोन-तीन दिवस तापासाठी असू द्यावे, तिकडे हिवाळ्यात शाळेत इन्फ्लुएंझा आला की वर्गच्या वर्ग बंद होतात.

प्रश्न : या वर्षीची रजा उरली तर पुढे जाते का? पैसे मिळतात का? – एक वाचक, जि. अमरावती

उत्तर : तयार झाल्यापासून दोन वर्षं चालते, नंतर जाते. म्हणजे पहिल्या वर्षी कमी घेतली तर दुसऱ्या वर्षी दोन्ही मिळून बरी मोठी होते, मोठ्या लग्नाचा बेत असेल तर तसं धोरण ठेवता येतं. नोकरीत असताना कायद्याची रजा विकून पैसे घेता येत नाहीत, आपल्या अर्जित रजेसारखं ते नाही. नोकरी सोडताना उरलेल्या रजेचे पैसे देणं कंपनीच्या मर्जीवर, म्हणून शेवटच्या महिन्यात रजा घेऊनच संपवावी, तेव्हा मालकाला तारीख पुढे ढकलताही येत नाही, कारण पुढे तारीखच उरलेली नसते.

प्रश्न : रजेवर गावी येताना व्हिसाचं काही करावं लागतं का? येताना-जाताना काय न्यावं? – तीच दारव्ह्याची आई, दुसऱ्या पत्रात

उत्तर : काकू, तिच्याजवळ रेसिडेन्स कार्ड असेल, ते आणि पासपोर्ट दोन्ही सोबत पाहिजे. निघताना एअरपोर्टवर एक छोटा फॉर्म देतात त्यात 'परत येणार आहे' अशी खूण करायची चौकट असते, ती खूण केली की एक वर्षाच्या आत परत जाता येतं, वेगळा परवाना काढावा लागत नाही. मात्र राहण्याची मुदत त्याआधी संपत असेल तर ती मुदत धरायची. खूण राहिली तर मोठी पंचाईत होते, फोनवर दोनदा आठवण करून द्या.

परत जाताना स्टाफरूमला काहीतरी न्यायचंच, रजेवरून आलेला माणूस रिकाम्या हाताने येत नाही तिथे. एकेक पाकीट वेगळं असलेली मिठाई बरी, टेबलाटेबलावर एकेक ठेवता येते, सोनपापडीची छोटी पाकिटं मिळतात ती चालतात. मास्तर मोजून न्या, कारकून आणि शिपाईसुद्धा धरून. नागपूरची संत्री मात्र टोपलीभर बांधून देऊ नका, तुमचा जीव मोठा आहे हे मला माहीत आहे, पण ताजी फळं तिथल्या एअरपोर्टवर अडवतात आणि काढून घेतात.